पिकअपला कड्या बसवल्या तेव्हा

अन्याय माझ्या मामावर झाला. किसनमामावर, आईच्या पाठच्या भावावर. होळीनंतरच्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, कोलशेतच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तिथे नुकताच एक गतिरोधक घातला होता आणि त्याच्यावर पांढरे पट्टे मारायची गरज कुणाला वाटली नव्हती. मामा आमच्या पिकअपच्या हौद्यात उभा होता, एक नवंकोरं लोखंडी कपाट दोन्ही हातांनी कवटाळून. गाडी उडाली, कपाट कललं, मामा कपाटासकट बाजूच्या फाळक्यावर आदळला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि कपाटाचा आरसा फुटला. कपाटाच्या दुकानदाराने फोनवर आधी आरशाचं विचारलं. संध्याकाळपर्यंत विठ्ठलवाडीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना एकच वाक्य पाठ झालं होतं: किसनने हात सोडला. हे सगळं मी अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून तीच सवय लागली आहे. कुणावर, कधी, कुठे, हे आधी. पुढचं वाचायला माणूस थांबला तर थांबला.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात सगळ्यात जास्त बोलत होते. आमची खोली चाळीच्या टोकाला, तिच्या भिंतीला लागून कपाटांचा कारखाना. सकाळी आई मोबाईलवर वंदना लावायची, आणि ती संपायच्या आत पलीकडे पत्रा ठोकायला सुरुवात झालेली असायची. तो आवाज आम्हाला इतका अंगवळणी पडला होता की रविवारी तो नसला की पप्पा दचकून उठायचे. आई तव्यावर जवळा परतायची, लसूण आणि लाल तिखट घालून, आणि त्याचा ठसका लागून कारखान्यातली माणसं भिंतीपलीकडून ओरडायची, ‘वहिनी, निदान भाकरी तरी पाठवा.’ आई खरंच पाठवायची. मामा रात्रीचा त्याच्या खोलीवर झोपायचा, पण जेवायला आमच्याकडे. लग्न केलं नव्हतं त्याने. विचारलं की म्हणायचा, ‘दिवसभर कपाटांना मिठ्या मारतो, अजून किती संसार करू?’ सगळे हसायचे. आज ते वाक्य आठवलं की मला हसू येत नाही, पण तेव्हा मीसुद्धा हसायचे.

पिकअप पप्पांची पहिली स्वतःची गाडी. त्याआधी त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि प्रत्येक गाडीवर मालकाच्या कुणा ना कुणा मुलाचं नाव रंगवलेलं असायचं. त्यामुळे आपली गाडी आली त्याच आठवड्यात ते तिला पेंटरकडे घेऊन गेले. हौद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना लोखंडाची जाड चौकट असते, फाळके तिच्यावरच बिजागरीने टेकलेले असतात. त्या चौकटीवर निळ्या रंगात, पिवळ्या कडेने, आईचं नाव लिहून घेतलं. शकुंतला. डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला एकदा. आई लाजली वगैरे काही नाही. तिने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, ‘दोनदा कशाला? एकदा लिहून कळत नाही का लोकांना?’ पण नंतर गाडी धुताना पप्पा त्या अक्षरांवरून ओलं फडकं किती हळू फिरवायचे, ते मी पाहिलं आहे.

आता आमच्या धंद्यातली रीत सांगते, कारण ती माहीत नसेल तर ह्यात काय चुकलं ते कळणार नाही. विठ्ठलवाडी-उल्हासनगरकडे बनलेली कपाटं ठाण्याला जातात, वर्तकनगरच्या जुन्या वसाहतींत आणि कोलशेतच्या नव्या टॉवरांत. पिकअपला बाहेरून दोरी अडकवायचे छोटे हूक असतात. पोती असतील, ताडपत्री असेल तर ते चालतात. पण कपाट उभं न्यावं लागतं आणि त्याच्यावर ताजा रंग असतो. दोरी आवळली की रंगाला ओरखडा उठतो आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. म्हणून दुकानदार दोरी बांधू देत नाही. तो एक माणूस चढवतो. त्या माणसाला ‘मागचा’ म्हणतात. मागच्याने केबिनला टेकवलेल्या कपाटाला मिठी घालून उभं राहायचं, विठ्ठलवाडी ते ठाणे. आमचा दुकानदार हे अगदी सरळ सांगायचा. ‘रस्सीने रंग जातो रे, माणसाने जात नाही.’ ह्यात आपण काही भयंकर बोललो असं त्याला कधी वाटलं नसणार. मला वाटलं. माझ्या कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानावर मी ते वाक्य तेव्हाच उतरवून ठेवलं होतं आणि नंतर त्याचं पत्रक केलं. मथळा होता: माणूस म्हणजे दोरी नाही. अजूनही मला तो मथळा आवडतो. बदलायला सांगणारे बरेच भेटले, मी बदलला नाही.

मामाचा हात गळ्यात बांधलेला होता आणि तो आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. दुखणं सोसत होता, पण त्याला खरं लागलं होतं ते वेगळंच. दुकानदाराने पप्पांना निरोप दिला होता, ‘माल देतो, पण तो किसन नको. हात सोडणारा माणूस नको मला.’ मामाने आयुष्यात एकच गोष्ट नावाजण्यासारखी केली असं त्याचं स्वतःचं मत होतं, की त्याच्या मिठीतलं कपाट कधी हललं नाही. आता तेच गेलं. मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, ‘भाषण चांगलं आहे गं प्रज्ञा. पण माझा हात सुटला हे खरं आहे.’

‘मामा, गाडी उडाली. सुटला नाही, सोडवला गेला.’

‘तू नव्हतीस तिथे. मी होतो. घट्ट धरायला पाहिजे होतं.’

मी चिडले. पत्रकात मी सगळ्यांना नावं ठेवली होती, दुकानदाराला, रस्ता करणाऱ्यांना, टॉवरमधल्या गिऱ्हाइकांना. पण ज्याच्यासाठी लिहिलं तोच विरोधी पक्षात जाऊन बसला होता. अशा वेळी काय करायचं ते कार्यकर्त्यांच्या कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत. अजूनही शिकवत नाहीत. आता शिबिरं मीच घेते, म्हणून खात्रीने सांगते.

पुढच्या शनिवारी पप्पांनी वर्तकनगरचं कपाट घेतलं. दुकानात चढवून गाडी तेवढी हळूहळू घराशी आणली, डबा घ्यायला. मागचा कोण, हे अजून ठरलं नव्हतं. कारखान्यातला एखादा माणूस बोलवावा असं पप्पांचं चाललं होतं. तेवढ्यात आईने साडीचा पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि ती हौद्यात चढली. कपाटाला हात घालून उभी राहिली. गल्लीतल्या बायका नळावर होत्या. एक म्हणाली, ‘काय गं शकू, कपाट घेऊन माहेरी चाललीस काय?’ आई म्हणाली, ‘नाही, नोकरीला लागले.’

पप्पा डबा हातात घेऊन बाहेर आले. ‘हे काय चाललंय? खाली उतर.’

‘का?’

‘अगं पडशील.’

‘किसन चढला तेव्हा म्हणालात का, पडशील म्हणून?’

नळावरचं पाणी कुणीतरी बंद केलं. दारातल्या खुर्चीवर मामा मान खाली घालून बसला होता. ‘ताई, उतर,’ एवढंच तो म्हणाला. आई उतरली नाही. ‘गाडी चालू करा,’ ती पप्पांना म्हणाली, ‘माझंच नाव आहे ना दोन्ही बाजूंना? मग बसवा मला मागे.’ पप्पांनी किल्ली लावली, मग काढली. कपाट त्यांनी दुकानात परत नेऊन ठेवलं. बाईला मागे बसवून गाडी नेणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. आणि त्या दुपारनंतर माणसाला बसवणंही जमण्यातलं राहिलं नाही. आईने घोषणा दिली नाही, मुद्दे मांडले नाहीत. माझ्या पत्रकाने जे झालं नाही ते तिच्या चढण्याने झालं. तरी मी पत्रकं लिहायची थांबवली नाही. दोन्ही लागतं, असं माझं मत आहे.

मग कड्यांचं सुरू झालं. कल्पना काही मोठी नव्हती. हौद्याच्या आत, चार कोपऱ्यांकडे, मजबूत कड्या बोल्टने बसवायच्या. त्यांतून रुंद पट्टे कपाटावरून तिरके घ्यायचे आणि खटक्याने आवळायचे. दोरी रंगात रुतते, रुंद पट्टा तेवढा रुतत नाही. कड्या कल्याणहून आणल्या, पट्टेही. ड्रिल शेजारच्या कारखान्यातून मागून आणलं. पप्पा वरून भोकं पाडायचे, मी गाडीखाली उताणी पडून नट आवळायचे, आणि मामा एका हाताने टॉर्च धरून मला खाली वायर कुठे आहे, डिझेलची नळी कुठे आहे ते दाखवायचा. माझ्या तोंडावर लोखंडाचा कीस पडायचा. आई चहा आणि खारी गाडीखाली सरकवायची, एखाद्या आजाऱ्याला द्यावी तशी.

घोळ झाला तो जागेचा. खाली आडवे चॅनेल, म्हणजे लोखंडी दांडे, होते, पण अर्ध्या ठिकाणी टाकी आणि वायरींनी वाट अडवलेली. सगळ्यांत भक्कम होती ती बाजूची जाड चौकट. पण तिथे बोल्ट घातला असता तर त्याचं डोकं नाहीतर नट बाहेर आला असता, थेट आईच्या नावात. पप्पा ड्रिल घेऊन त्या चौकटीपाशी गेले, वाकले, थोडा वेळ तसेच राहिले आणि परत मधे येऊन म्हणाले, ‘पत्र्यातच घेऊ. चार बोल्ट मारले की पत्रा काय कुठे जात नाही.’ नवरा बायकोच्या नावाला भोक पाडत नाही म्हणतोय, तिथे काय वाद घालायचा? म्हणून कड्या हौद्याच्या तळाच्या पत्र्यात बसल्या. चारही चकचकीत, दिसायला झकास.

दुकानाच्या कपाटावर प्रयोग करायची हिंमत नव्हती. आईने आमचं घरचं कपाट रिकामं केलं. कपडे, चादरी, लग्नातली भांडी, सगळं पलंगावर डोंगर करून ठेवलं. कारखान्यातल्या माणसांनी कपाट चढवून दिलं. विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या रिकाम्या मैदानात गाडी नेली. आईने बजावलं, मागे कुणी चढायचं नाही, हौद्यात गाद्या टाका आणि लांब उभे राहा. आम्ही तिघं मैदानाच्या भिंतीशी उभे राहिलो. पप्पांनी गाडी पळवली आणि करकचून ब्रेक दाबला, जसा कुणी अचानक आडवं आल्यावर दाबतो तसा. काही झालं नाही. पप्पांनी खिडकीतून अंगठा दाखवला. दुसऱ्यांदा त्यांनी मैदानाच्या कडेचा उंचवटा घेतला. कपाट उभं होतं त्या जागी एक क्षण उचललं गेलं, काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि आमचं कपाट गाद्यांवर आडवं झालं.

जवळ जाऊन पाहिलं तर एक कडी पट्ट्याला लोंबकळत होती. बोल्ट तिच्यातच होता, नटसुद्धा. पत्रा मात्र भोकाभोवती फाटून पानासारखा वर वळला होता. पप्पा खाली उतरून टोपी काढून उभे राहिले. मी वाट बघत होते की ते आता दुकानदाराला शिव्या घालतील नाहीतर मला. मामाने एका हाताने फाळका धरून आत पाय टाकला, खाली बसला, आणि त्या फाटलेल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

‘दाजी, हे लोखंडच आहे ना?’

‘लोखंडच आहे रे.’

‘आणि हा बोल्ट तुम्ही आवळलेला.’

‘प्रज्ञाने आवळला खालून. मी तपासला.’

‘म्हणजे घट्ट होता.’

‘घट्ट होता.’

मामाने लोंबकळणारी कडी हातात घेतली. मग म्हणाला, ‘लोखंडाला धरून ठेवता आलं नाही. मग मी काय धरणार होतो?’ हे तो कुणाला विचारत नव्हता. पप्पा हौद्यात चढले, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, ‘नाही सोडलास तू हात, किसन. मीच तुला तिथे उभं केलं होतं.’ आई मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. मीसुद्धा. एवढी पत्रकं लिहिली, इतक्या मोर्चांत गेले, पण एखाद्या माणसाची निर्दोष सुटका होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश, सगळे एका वाकलेल्या पत्र्याभोवती उकिडवे बसलेले.

परत येताना आईच बोलली. ‘चौकटीत घाला आता.’

‘अगं पण तिथे नाव आहे.’

‘मग? नावाला दुखतं का? एवढा जीव आहे नावावर, तर ते कामाला लागू दे.’

दुसऱ्या दिवशी चौकटीत भोकं पडली. पप्पांनी खुणा स्वतः केल्या. चॉकने नाही, आईच्या कुंकवाच्या पेन्सिलीने केल्या, का ते विचारू नका. एक कडी ‘श’च्या पोटात आली, एक ‘ला’च्या काठावर, दुसऱ्या बाजूलाही तसंच. ह्या वेळी प्रत्येक बोल्टच्या मागे जाड पट्टी घातली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. उघड्या पडलेल्या लोखंडाला लाल रंग लावला, गंज धरू नये म्हणून. पेंटर येऊन म्हणाला, ‘वहिनी, नटांवरून निळा मारून देतो, दिसणार नाहीत.’ आई म्हणाली, ‘दिसू देत.’ तिने जुने गाऊन फाडले आणि पट्ट्यांना कापडाच्या लांब बाह्या शिवल्या, फुलाफुलांच्या, म्हणजे रंगाला पट्टा लागायलाच नको. मैदानात पुन्हा तोच उंचवटा, तोच ब्रेक, मग अजून जोरात ब्रेक. कपाट हललं नाही. पप्पा उतरले आणि कपाटालाच एक थाप मारली, जणू त्याने पेपर सोडवला होता. पहिल्या वेळी पडलेला त्याचा पोचा अजून आहे. त्याच कपाटात माझी सगळी जुनी पत्रकं ठेवली आहेत.

सोमवारी दुकानात गेलो. मामाचा खांदा अजून बांधलेला होता, तरी पप्पांनी त्याला बरोबर घेतलं. मी कॉलेज बुडवलं. दुकानदार बाहेर आला, पट्टे बघितले, फुलांच्या बाह्या बघितल्या. ‘हे काय, लग्नाला निघालात काय? मागचा कुठाय?’

‘मागचा नाही,’ पप्पा म्हणाले. ‘कड्या आहेत.’

‘रंगाला ओरखडा आला तर?’

‘आला तर गाडी माझी, जबाबदारी माझी. पण माणूस मागे चढणार नाही. आणि किसन माल उतरवून घ्यायला येणार. त्याचा हात सुटला नव्हता. या, दाखवतो.’ पप्पांनी तो फाटलेला पत्रा मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. दुकानदाराला त्यांनी हौद्यापाशी नेलं आणि बोटाने दाखवलं. त्याने वाकून भोकाच्या कडेला बोट लावलं. ‘ठीक आहे, घेऊन जा,’ म्हणाला. माफी मागितली नाही. ती अजून यायची आहे, मी सोडून दिलेली नाही. पण मामा मागे उभा राहून हे सगळं ऐकत होता, आणि दुकानदार आत जाताना त्याला ‘काय किसन, खांदा कसा आहे?’ असं विचारून गेला. तोंडावर नाव घेऊन, पहिल्यांदा.

केबिनमध्ये पप्पा, मधे मामा, खिडकीशी मी. आधी मामा संकोचून बसला, पाय जवळ घेऊन, दुसऱ्याच्या घरात बसावं तसा. कल्याण सुटलं, हायवे लागला. त्याला हातांचं काय करावं ते कळेना. चांगला हात मांडीवर, मग डॅशबोर्डवर, मग परत मांडीवर. मग माझ्या लक्षात आलं की तो समोर बघतोय, डोळे मोठे करून. कपाटाला मिठी घालून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडासमोर कपाटच असतं, मान वळवली तर दिसतं ते मागचं. इतकी वर्षं त्याने ठाणं फक्त मागे जाताना पाहिलं होतं, झाडं, पूल, टॉवर, सगळं लहान लहान होत जाणारं. वर्तकनगरचा फाटा आला तेव्हा तो म्हणाला, ‘हे समोरून असं येतं होय.’ पप्पा म्हणाले, ‘दिसलं का?’ मामा म्हणाला, ‘दिसलं. पुढचं वळण कुठलं ते सांगतो, तुम्ही चालवा.’ आणि खरंच सांगत राहिला, चुकीचं का होईना. कपाट वर गेलं, आरसा शाबूत, रंग शाबूत. गिऱ्हाइकाने मामाला लिंबू सरबत दिलं आणि तो ते पाहुण्यासारखं हळूहळू प्यायला.

नंतर आमच्या गल्लीतल्या दोन-तीन गाड्यांना कड्या लागल्या, मग अजून काहींना. सगळ्यांना नाही. आजही ठाण्याच्या कुठल्याही रस्त्यावर मला कपाटाला, फ्रिजला, काचेला मिठी घालून उभा असलेला माणूस दिसतो. मी हात करून गाडी थांबवते, पत्रक देते, ड्रायव्हर वैतागतो. पण कड्या बसवणारे वाढत आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते आहे, आणि म्हणूनच लिहिते आहे.

तुमच्याकडे ह्या दिवाळीत काहीतरी येणार. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग. दुकानात वस्तू पसंत करताना रंग बघाल, दार उघडून बघाल, तेव्हाच विचारा: गाडीत आतून कड्या आणि पट्टे आहेत का? नसतील तर दुसरं दुकान बघा. आणि वस्तू आलीच, तर गॅलरीत उभं राहून हात करू नका. खाली उतरा. हौद्यात माणूस उभा असेल तर आधी त्याला खाली घ्या, पाणी द्या, आणि त्याच्या देखत दुकानदाराला फोन लावून सांगा की पुढच्या वेळी असा माल घेणार नाही. मग माल वर न्या. हे काम तुमचं आहे, त्याचं नाही. फोन लावा.